भामरागडनंतर इंद्रावती मोकळी का वाहते?

गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. तिथून पुढे इंद्रावती महाराष्ट्र-छत्तीसगडची सीमा आखत सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. या पाण्यावर दोन मोठी धरणं येणार होती: इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली.

ती झाली असती तर माडिया-गोंडांची गावं आणि सागाचं दाट जंगल पाण्याखाली गेलं असतं. म्हणून 1980च्या दशकाच्या सुरुवातीला 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि चांद्याचे (आताचं चंद्रपूर) माजी खासदार लालश्याम शाह यात पुढे होते. 1984मध्ये हजारो आदिवासी रस्त्यावर उतरले. बाबांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिलं आणि दोन्ही प्रकल्प बाजूला पडले. नर्मदेवरच्या धरणांविरोधात लढायला बाबा नर्मदेच्या काठी गेले ते त्यानंतर, 1990मध्ये.

आज याच पट्ट्यात, सिरोंचा वनविभागात कोलामार्का हे संरक्षित क्षेत्र आहे. रानम्हशींसाठी 2013मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालं.

पण विषय संपलेला नाही. 2019मध्ये गोदावरीवर तेलंगणाचा मेडीगड्डा बॅरेज सुरू झाला. सिरोंच्याचे शेतकरी तेव्हापासून बॅकवॉटरमुळे बुडणाऱ्या शेतांबद्दल ओरडत आहेत. ऑक्टोबर 2023मध्ये तर त्या बॅरेजचे खांबच खचले!

इंचमपल्लीचं नावही नदीजोडच्या चर्चेत पुन्हा येतं. तेव्हा अशी बातमी दिसली की फक्त सिंचनाचे आकडे वाचू नका. बुडीत क्षेत्राचा नकाशा मागा आणि ग्रामसभा काय म्हणाली ते विचारा.

#इंद्रावती #गडचिरोली #चंद्रपूर