रेणूंची टक्कर आणि दिल्लीची हवा

दिल्लीतील आयटीओच्या चौकात आपण उभे आहोत अशी कल्पना करा. आपल्याभोवतालच्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजन व २१ भाग ऑक्सिजन आहे. तिच्यातील प्रत्येक रेणू दर सेकंदाला काही अब्ज वेळा इतर रेणूंवर आदळतो. तरीही हे दोन वायू एकमेकांशेजारी निर्वेधपणे नांदतात. एवढ्या टकरी होऊनही संयोग का होत नाही?

याचे कारण असे, की नुसती टक्कर पुरत नाही. नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध मोडावयाचा, तर टकरीत किमान ठराविक ऊर्जा असावी लागते. स्वांटे आरेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या विचारातून पुढे आलेल्या या ऊर्जेस सक्रियण-ऊर्जा म्हणतात. ती नसल्यास रेणू रबरी चेंडूंप्रमाणे केवळ उसळून मागे फिरतात.

आता चौकातून जाणाऱ्या बसच्या इंजिनात डोकावू. तेथील ज्वालेचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ऑक्सिजनचे काही रेणू फुटतात आणि त्यांचे सुटे अणू नायट्रोजनवर आदळतात. या विक्रियेची सक्रियण-ऊर्जा मोलला सुमारे ३१९ किलोज्यूल आहे. नेहमीच्या तापमानास, एकावर ५५ शून्ये मांडावीत एवढ्या टकरींतही इतकी जोरकस टक्कर सापडणे कठीण; २,२०० अंशांवर मात्र साधारण ५० लाखांत एक सापडते. नायट्रिक ऑक्साइड तयार होण्यास तेवढे पुरे होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीच्या बसगाड्या डिझेल सोडून सीएनजीवर आल्या. काळा धूर घटला, हे खरेच. परंतु हा नायट्रोजन इंधनातला नव्हे, हवेतला. ज्वाला तापली, की इंधन कोणतेही असो, ही विक्रिया घडणारच. हे पुष्कळदा विसरले जाते.

बाहेर पडलेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी मात्र सहज संयोग पावतो, कारण तेथील अडथळा फार ठेंगणा आहे. त्यातून श्वसनास अपायकारक असा नायट्रोजन डाय-ऑक्साइड होतो. ऊन त्यास फोडते. सुटलेला ऑक्सिजनचा अणू ऑक्सिजनच्या रेणूस मिळून पुन्हा ओझोन होतो. येथे गंमत उलटी आहे. ऊर्जा कमी नसून जास्तच असते. ती उचलून नेणारा तिसरा रेणू त्याच क्षणी भेटला नाही, तर नवजात ओझोन लगेच फुटतो. हवेत असे वाटसरू मुबलक असल्यामुळे तो टिकतो. म्हणून उन्हाळ्यात, ओझोन फस्त होणाऱ्या गजबजलेल्या रस्त्यापेक्षा वाऱ्याच्या वाटेवरील दूरच्या वस्तीत तो अधिक आढळू शकतो.