खिशातला कॅमेरा आणि पाण्यातला कॅमेरा

कॅमेरा घरी ठेवून बाहेर पडावे आणि नेमके त्याच दिवशी टिपण्यासारखे दृश्य समोर यावे, हा अनुभव छायाचित्रणाची हौस असणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी आलेला असतो. कॅमेरा घरी राहण्याची कारणे मुख्यतः दोन. एक, त्याचे ओझे वाटते. दुसरे, त्याच्या जिवाची धास्ती वाटते. पहिल्या कारणावर उपाय म्हणून जपानमधील मिनोल्टा कंपनीने २००२ साली ‘डायमेज एक्स’ नावाचा एक चिमुकला डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. दुसऱ्या कारणावर जपानमधीलच ऑलिंपस कंपनीने जे उपाय केले, त्यांपैकी २०१९ सालचा ‘टफ टीजी-६’ हा विशेष नावाजलेला. पहिला सदऱ्याच्या खिशात मावतो. दुसरा समुद्रात पंधरा मीटर खोल नेता येतो. या दोहोंमध्ये सतरा वर्षांचे अंतर आहे, आणि वरवर पाहता दोहोंची जातकुळीही निराळी. तथापि दोन्ही उघडून पाहिले, तर आत एकच युक्ती दडलेली आढळते.

ती युक्ती समजण्यासाठी कॅमेरा जाड का असतो, हे आधी पाहिले पाहिजे. भिंगातून आत आलेला प्रकाश पडद्यावर, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यात संवेदकावर, नीट एकवटण्यासाठी त्याला काही अंतर तोडावे लागते. त्यातून दूरचे जवळ आणणारे झूम भिंग हवे असेल, तर एका भिंगाने भागत नाही. भिंगांचे गट लागतात, आणि ते एकमेकांपासून मागेपुढे सरकावे लागतात. ही सारी मिरवणूक एका सरळ रेषेत उभी करायची, तर कॅमेऱ्याची जाडी वाढणार हे उघडच आहे. यावर रूढ तोड म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची. कॅमेरा बंद असताना नळी पोटात मिटलेली राहते, सुरू करताच बाहेर येते. २००० साली आलेल्या कॅननच्या ‘डिजिटल इक्सस’मध्ये हीच योजना होती. त्याची जाडी सुमारे २७ मिलिमीटर होती आणि त्या काळी ती नवलाची मानली गेली. कॅसिओने २००२ साली आपला ‘एक्झिलिम एस-१’ केवळ ११.३ मिलिमीटरवर आणून ठेवला खरा. पण त्यासाठी झूमचाच त्याग करावा लागला.

मिनोल्टाच्या तंत्रज्ञांनी झूम सोडले नाही आणि नळीही ठेवली नाही. त्यांनी प्रकाशाची वाटच वळवली. डायमेज एक्सच्या दर्शनी भागाच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानशी काच दिसते. तिच्यामागे लोलक बसविलेला आहे. आत शिरलेला किरण त्या लोलकावर आपटून काटकोनात खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या उंचीच्या दिशेने प्रवास करू लागतो. भिंगांचे गट या उभ्या विहिरीत वरखाली सरकतात, आणि तळाशी संवेदक असतो. पाणबुडीतून समुद्राचा पृष्ठभाग न्याहाळण्याची जी नळी असते, तिच्यात किरण असाच वळविलेला असतो. ज्या दिशेला कॅमेरा बारीक आहे तिकडची जागा न मागता, ज्या दिशेला तो ऐसपैस आहे तिकडची जागा भिंगांनी वापरायची, एवढाच या कल्पनेचा सारांश. त्यामुळे तिपटीचे झूम असूनही हा कॅमेरा २० मिलिमीटर जाडीत बसला. त्याची रुंदी ८४.५ आणि उंची ७२ मिलिमीटर होती. विजेरी आणि कार्ड वगळता वजन १३५ ग्रॅम. सुरू केला तरी त्याच्या अंगातून काहीही बाहेर येत नाही. प्रथमच हाताळणाऱ्याला तो सुरू झाला की नाही, अशी शंका यावी, इतका तो निश्चल असतो.

हा सारा खटाटोप सडपातळपणासाठी होता. पाण्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. डायमेज एक्सला पावसाच्या सरीतही नेणे धोक्याचे. परंतु पाण्याच्या दृष्टीने या रचनेकडे पाहिले, म्हणजे तिचा एक निराळाच गुण लक्षात येतो. नळीचा कॅमेरा हा एका अर्थाने पिचकारीसारखा असतो. नळी बाहेर येताना तो हवा आत ओढतो, आत जाताना बाहेर टाकतो, आणि नळ्यांमधील फटींतून हवेबरोबर धूळ, दमट वाफ, समुद्रकाठची वाळू आत जाण्यास वाव मिळतो. हलणारा सांधा पाणबंद करणे अशक्य नाही, पण कठीण आणि खर्चाचे. उलट, ज्याचे सारे हलणारे भाग पोटातच हलतात आणि ज्याच्या तोंडावर एक स्थिर काच आहे, त्याला बंदिस्त करणे कितीतरी सोपे. घराला दारेच मोजकी ठेवली, तर कुलपेही मोजकी लागतात.

पाण्याखाली छायाचित्रण तोवर होत नव्हते असे नाही. कुस्तो यांच्या प्रेरणेने झां द वाउटर्स यांनी घडविलेल्या ‘कॅलिप्सो’ या फिल्म कॅमेऱ्याची परंपरा निकॉनने १९६३ साली ‘निकोनॉस’ या नावाने पुढे चालविली होती. पण तो पाणबुड्यांचा कॅमेरा. सामान्य हौशी माणसाला बहुतेक वेळा आपला कॅमेरा पारदर्शक पेटीत कोंडून पाण्यात न्यावा लागे, आणि ती पेटी बहुधा कॅमेऱ्याहून मोठी असे. २००६ साली ऑलिंपसने ‘म्यू ७२० एसडब्ल्यू’ आणला, त्यात वळविलेल्या किरणाचीच युक्ती होती. तो पेटीशिवाय तीन मीटर खोल जाई, दीड मीटरवरून पडला तरी निभावे, आणि जाडीला २० मिलिमीटरच्या आसपासच होता. टीजी-६ हा त्याच घराण्यातला, पण अंगाने बराच भरलेला. त्याची जाडी ३२.४ मिलिमीटर आहे, आणि विजेरी व कार्डासह वजन २५३ ग्रॅम.

हे वाढलेले अंग कशासाठी, याचे उत्तर पाण्याच्या दाबात मिळते. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो. १५ मीटरवर म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे दीड किलोग्रॅम जादा भार आला. टीजी-६ ची दर्शनी बाजू ११.३ सेंटिमीटर रुंद आणि ६.६ सेंटिमीटर उंच, म्हणजे जवळजवळ ७५ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर त्या एका बाजूवर ११० किलोग्रॅमच्या आसपास भार येतो; एखाद्या धष्टपुष्ट पहिलवानाने कॅमेऱ्यावर उभे राहावे तसा. मागच्या बाजूनेही तितकाच. आतली हवा मात्र जमिनीवरच्याच दाबाची. कवच जरासे लवले, तरी दाराची कड आणि चौकट यांतील मेळ बिघडू शकतो. म्हणून कवच भक्कम, विजेरीच्या आणि जोडणीच्या दारांना दुहेरी अडसर, आणि आत सिलिकोनची कडी. ही कडी स्वयंपाकघरातील कुकरच्या रिंगेची बहीण म्हणावी; फरक इतकाच की कुकरमध्ये दाब आतून बाहेर असतो, येथे बाहेरून आत.

आता छायाचित्रांकडे वळावे. डायमेज एक्स वीस लाख बिंदूंचा, टीजी-६ एक कोटी वीस लाखांचा. सहापट बिंदू म्हणजे सहापट चांगले चित्र, असा हिशेब दुकानात पुष्कळदा ऐकविला जातो. तो खरा नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या १६०० गुणिले १२०० बिंदूंच्या चित्राची छपाईच्या नेहमीच्या मापाने, म्हणजे इंचाला ३०० बिंदू धरून, साडेतेरा बाय दहा सेंटिमीटरची सुबक प्रत निघते. घरच्या आल्बमात चिकटवायचा फोटो साधारण एवढाच असतो. लख्ख उन्हात काढलेल्या दोन अशा प्रती शेजारी ठेवल्या, तर कोणती कोणाची हे सांगताना जाणकारही क्षणभर थबकेल. शिवाय दोन्ही संवेदक नखाएवढेच असल्यामुळे बिंदू वाढविले की प्रत्येकाच्या वाट्याची जागा घटते. जुन्यातील एका बिंदूचे क्षेत्रफळ नव्यातील बिंदूच्या चौपटीहून अधिक आहे.

मग संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात नवा कॅमेरा सरस का ठरतो? त्याची कारणे बिंदूंच्या संख्येबाहेरची आहेत. त्याचे भिंग झूम न करता एफ-२ पर्यंत उघडते, जुन्याचे एफ-२.८ पर्यंत, म्हणजे प्रकाश दुप्पट. त्याच्या संवेदकात विजेच्या सूक्ष्म तारा प्रकाश टिपणाऱ्या थराच्या मागे नेल्या आहेत. पूर्वी त्या पुढे असत, आणि शेतावर मांडव घालून पिकाला ऊन मिळावे अशी अपेक्षा करण्यापैकीच ते होते. बिंदूंच्या मोहाची किंमत खुद्द निर्मात्यांनाही उमगली होती. २०१५ सालच्या टीजी-४ मध्ये एक कोटी साठ लाख बिंदू होते. २०१७ सालच्या टीजी-५ मध्ये ते एक कोटी वीस लाखांवर आणले गेले. जाहिरातीत आकडा कमी लिहिण्याचे धाडस व्यापारात क्वचितच दिसते, आणि ते येथे योग्य ठरले.

पाण्याखाली मात्र उत्तम कॅमेराही भांबावतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे सपाट काचेतून पाहताना सारे काही पाऊण अंतरावर आल्यासारखे आणि मोठे दिसते. जमिनीवर २५ मिलिमीटरच्या मापाचे विस्तृत दृश्य घेणारे भिंग पाण्यात ३३ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागते. चित्राची चौकट आक्रसते. रंगांची कथा याहून दुःखद. पाणी प्रथम लाल रंग गिळते. पाच मीटरवरच तो फिकटतो, दहा मीटरवर जवळजवळ नाहीसा होतो, आणि लाल प्रवाळ राखाडी दिसू लागते. टीजी-६ मध्ये यासाठी पाण्याखालची निराळी रंगयोजना आहे. ती उरलेल्या लालाला उठाव देते. पण जो प्रकाश तेथवर पोहोचलाच नाही, तो कोठून आणणार? कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा, आणि विषयाच्या अगदी जवळ जाणे, हेच त्यावर खरे उपाय. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्याला पाण्यात उतरणारे हौशी पर्यटक चित्रे निळीहिरवी आली म्हणून कॅमेऱ्याला दोष देतात. तो दोष कॅमेऱ्याचा क्वचितच असतो.

जवळ जाण्याच्या बाबतीत टीजी-६ ची बरोबरी करणारे छोटे कॅमेरे थोडे. डायमेज एक्सला वस्तू निदान २५ सेंटिमीटरवर असावी लागे. टीजी-६ भिंगापासून एका सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट टिपतो. मुंगीचे डोळे, पानावरच्या थेंबात उलटे पडलेले आकाश, मिठाच्या कणांच्या चौकोनी कडा त्याच्या पडद्यावर उलगडतात. पाणबंद म्हणून घेतलेला हा कॅमेरा कधीही पाण्यात न नेता केवळ किड्यामुंग्यांसाठी वापरणारे निसर्गप्रेमी आहेत ते यामुळेच.

निर्धास्तपणा मात्र फुकट मिळत नाही. सिलिकोनच्या कडीवर एक केस किंवा वाळूचा एकच कण राहिला, तर तेवढ्या वाटेने पाणी आत शिरते. म्हणून दारे किनाऱ्यावर उघडू नयेत. लावण्यापूर्वी कडी स्वच्छ मऊ फडक्याने पुसावी. समुद्रातून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात धुवावा, नाही तर मीठ सुकून सांध्यांत बसते. कडी काळाने निबर होते आणि ती वर्षाकाठी बदलून घेणे हिताचे. तापलेल्या वाळूवर पडलेला कॅमेरा एकदम गार पाण्यात टाकला, तर आतल्या हवेतील बाष्प काचेवर साचते. टीजी-६ च्या पुढची काच दुहेरी आहे ती यासाठी. जुन्या कॅमेऱ्याला हे सोपस्कार नव्हते, पण त्याची भीती निराळी. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या भिंगावर बुरशीचे जाळे धरते. असा कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि त्याहून बरे म्हणजे वरचेवर वापरावा.

डायमेज एक्स बनविणारी मिनोल्टा २००३ साली कोनिकात विलीन झाली, आणि त्या संयुक्त कंपनीने २००६ साली कॅमेऱ्यांचा व्यवसायच सोडला. ऑलिंपसचा कॅमेरा-विभाग २०२१ च्या आरंभी ‘ओएम डिजिटल सोल्यूशन्स’ या स्वतंत्र कंपनीकडे गेला. टीजी-६ चा वारस टीजी-७ हा २०२३ साली त्याच कंपनीने आणला. खिशातल्या चिमुकल्या कॅमेऱ्याची जागा दरम्यान मोबाइल फोनने घेतली. गंमत अशी की, २०१९ साली हुआवेच्या ‘पी-३० प्रो’ या फोनला पाचपट झूम हवे झाले, तेव्हा त्याच्या बारीक अंगात ते बसविण्यासाठी पुन्हा किरण काटकोनात वळवावा लागला.

अलीकडे काही तरुण मंडळी जुने छोटे डिजिटल कॅमेरे हौसेने शोधू लागली आहेत. कोणाच्या कपाटात डायमेज एक्स निघालाच, तर दोन गोष्टी पाहाव्यात. ३२ गिगाबाइटची आजची कार्डे तो ओळखणार नाही, कारण ती ज्या पद्धतीची आहेत ती २००६ साली ठरली. त्याला त्यापूर्वीच्या पद्धतीचे, लहान क्षमतेचे जुने कार्डच लागते. आणि त्याची विजेरी फुगलेली नाही ना, हे दार उघडून आधी बघावे. फुगली असेल तर ती न वापरता ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी, आणि त्याच मापाची दुसरी मिळते का ते पाहावे.