दम छातीत नव्हे, अंगात

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या रोहिणखेडच्या (ता. मोताळा, जि. बुलडाणा) परिसरात एप्रिल-मे महिन्यांत सगळ्याच विहिरींना पाणी नसतं. ज्या विहिरीला असतं, तिच्या काठावर भर दुपारी पोरांची जत्रा. नवख्याच्या कमरेला दोर, पाठीला रिकामा डबा नाहीतर सुका भोपळा, आणि दोराचं दुसरं टोक थोरल्या भावाच्या किंवा काकाच्या मुठीत. चार-आठ दिवसांत डबा सुटतो, मग दोर. पण खरी परीक्षा पुढेच असते. बुडी मारून तळाचा चिखल मुठीत आणून दाखवायचा! ‘दम धर रे पोट्ट्या!’ असं वरून कितीही ओरडा, पहिल्या दिवशी मूठ रिकामीच वर येते. छाती फुगवून घेतलेला श्वास निम्म्या वाटेतच संपतो.

हीच परीक्षा दक्षिण ध्रुवाकडे सीलच्या पिल्लालाही द्यावी लागते. फक्त तिथे काठ बर्फाचा असतो, पाणी उणे दीड-दोन अंशांचं, आणि कमरेला दोर नसतो.

गोव्यात वास्को इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली दोन ठाणी चालवतं. ‘भारती’ २०१२ साली सुरू झालं, तेही समुद्रकाठी. त्या भागातल्या गोठलेल्या समुद्रावर वेडेल सील व्यायला येतात. जन्मताना पिल्लू पंचवीस-तीस किलोचं असतं, अंगावर राखाडी लव. आईच्या पोटातल्या उबेतून ते थेट बर्फावर पडतं. दीड-दोन आठवड्यांचं झालं की आई बर्फातल्या भोकातून पाण्यात उतरते, डोकं वर काढून हाका मारते. पिल्लू काठावर घुटमळतं, तोंड बुडवतं, मागे सरकतं आणि शेवटी एकदाचं पाण्यात पडतं. उतरणं सोपं, वर येणं कठीण, कारण भोकाची कड उभी आणि गुळगुळीत असते. मग आई दातांनी बर्फ खरवडून पिल्लापुरता उतार करून देते. हेच दात घासून ती श्वासाची भोकं वर्षभर उघडी ठेवते.

या जातीची मोठी सील किती खोल जाते, हे जेराल्ड कूयमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मोजलं. त्यासाठी त्याने स्वयंपाकघरातल्या तासाभराच्या टायमरचं यंत्र वापरलं. त्याला जोडलेला दाबमापक काजळी धरलेल्या काचेच्या तबकडीवर रेघ ओढत जायचा. सीलच्या पाठीवर ते बांधायचं, ती वर आली की काढून रेघ वाचायची. १९६६ साली त्याने आकडे जाहीर केले : खोली ६०० मीटर, वेळ ४३ मिनिटं. पन्नास फुटी विहिरी एकाखाली एक रचल्या, तर जवळजवळ चाळीस लागतील! पुढच्या नोंदी तर तासाच्याही पुढे गेल्या.

एवढा श्वास ती ठेवते कुठे? विहिरीवरचं पोरगं म्हणेल, छातीत. पण सील बुडी मारण्याआधी श्वास बराचसा सोडून देते. खोल पाण्याच्या दाबाखाली तिची फुप्फुसं चेपली जातात. त्यामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात उतरून अपाय करत नाही. माणसाच्या शरीरातल्या ऑक्सिजनच्या साठ्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक फुप्फुसात असतो. वेडेल सीलमध्ये हे प्रमाण जेमतेम पाच टक्के. बाकीचा रक्तात आणि स्नायूंत. किलोमागे तिचं रक्त आपल्या दुपटीच्या आसपास असतं, आणि स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन इतकं ठासून भरलेलं असतं, की मांस काळपट दिसतं. १९५८ साली जॉन केंड्रू यांनी एखाद्या प्रथिनाची रचना पहिल्यांदा उलगडली, ती याच मायोग्लोबिनची. तेही खोल बुडणाऱ्या स्पर्म देवमाशाचं. त्याबद्दल १९६२ चं नोबेल मिळालं. ‘अंगात दम पाहिजे’ असं आपण म्हणतो, ते सीलच्या बाबतीत शब्दशः खरं आहे.

पिल्लाची अडचण इथेच आहे. त्याच्या अंगात हा दम अजून भरलेला नसतो. शिवाय लहान शरीर किलोमागे ऑक्सिजन जास्त जाळतं. टाकी छोटी आणि नळ मोठा! पट्टीच्या सीलचं हृदय बुडी मारताच संथ होतं आणि रक्त मुख्यतः मेंदू-हृदयाकडे वळतं. पिल्लाच्या हृदयाला हा ताल लगेच साधत नाही, ठोके वरखाली होत राहतात. म्हणून त्याच्या पहिल्या बुड्या उथळ आणि थोडक्या असतात. रक्ताचा साठा आधी वाढतो, स्नायूंतलं मायोग्लोबिन सर्वांत शेवटी. त्याला महिने जातात, काही जातींत वर्षंही.

आणि हा दम घडतो लोहापासून. हिमोग्लोबिन असो की मायोग्लोबिन, दोन्हीला लोह हवं. सहा-सात आठवडे पिल्लू दुधावर असतं तेव्हा आई आपल्या अंगातलं लोह दुधातून त्याला देते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पिल्लू दूध तोडून गेल्यावर आईचा स्वतःचा साठा घटलेला असतो आणि तिच्या बुड्या आखूड होतात. त्या वर्षी न व्यालेल्या माद्या तिच्याहून जास्त वेळ खाली राहतात. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या गरोदर बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

मग आईने शिकवल्याशिवाय पिल्लू शिकतच नाही का? उत्तरेकडच्या हत्ती-सीलचं उदाहरण पाहा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मादी पिल्लाला चारेक आठवडे पाजते आणि समुद्रात निघून जाते. फुगून टुम्म झालेली पिल्लं दोन-अडीच महिने काहीही न खाता किनाऱ्यावरच राहतात. आधी डबक्यात, मग उथळ पाण्यात खेळतात, झोपेतसुद्धा कितीतरी मिनिटं श्वास रोखून पडतात. या उपासात चरबी झडते, पण ऑक्सिजन साठवायची ताकद वाढते. मग एके दिवशी ती एकेकटी समुद्राला लागतात. वाट दाखवायला कोणी नाही. पहिल्या वर्षात साधारण निम्मी दगावतात. उलट बंदर-सीलचं पिल्लू लव आईच्या पोटातच झाडून येतं आणि जन्मल्यानंतर काही तासांत पोहू लागतं. ज्या जातीला जसा किनारा, तशी शाळा.

सीलचा ताल थोडाफार आपल्यातही आहे. थंड पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखला की आपल्या हृदयाचेही ठोके मंदावतात. पण साठा मात्र माणसाचाच. विहिरीवरची काही पोरं बुडीआधी भराभर श्वास घेतात, दम वाढेल म्हणून. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो, आणि ‘आता वर ये’ हा शरीराचा इशारा तोच देत असतो. इशारा उशिरा येतो आणि पोरगं पाण्याखालीच शुद्ध हरपू शकतं. म्हणून हा खेळ खेळू नये, आणि एकट्याने तर बुडी मारूच नये.

काठावरचा थोरला भाऊ म्हणूनच बोटांवर आकडे मोजत उभा असतो. पोरगं रिकाम्या मुठीने वर आलं, धापा टाकत कडेला लागलं, तरी तो रागवत नाही. ‘उद्या,’ एवढंच म्हणतो आणि दोर गुंडाळायला लागतो.