स्कीच्या पट्ट्या आणि घरचे मेण

बारडोली म्हटले की वाचकांस १९२८ चा सत्याग्रह आठवतो, उसाचे मळे आठवतात. बर्फ मात्र आम्हां बारडोलीकरांस ठाऊक तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. अशा गावच्या माणसांनी स्कीला मेण कसे लावावे हे सांगावे, याची काहींना मौज वाटेल. परंतु मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात भाड्याच्या पट्ट्या पायांस बांधून आम्ही दुपारच्या ओल्या बर्फावर उतरलो, तेव्हा पट्ट्या जागच्या जागी अडल्या आणि आम्ही तेवढे पुढे गेलो, तेही तोंडावर! शिक्षकांनी खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून तळाला घासला, आणि पट्ट्या चालू लागल्या. पावसाळ्यात फुगलेल्या खिडकीला आई हेच करीत असे.

यामागील कारण असे. पट्टी सरकताना घर्षणाच्या उष्णतेने तिच्याखाली पाण्याचा अत्यंत पातळ थर तयार होतो व तो वंगणाचे काम करतो. बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ साली हे प्रयोगांनी दाखविले. हेच पाणी फार झाले म्हणजे मात्र तळाला चिकटून ओढ लावते. तळ अळवाच्या पानासारखा असावा, पाणी त्यावर ठरू नये, यासाठी मेण. कडक थंडीत अडचण उलट असते: बर्फाचे टोकदार कण मऊ मेणात रुततात. म्हणून थंडीस कठीण मेण आणि उबेस मऊ. काटकसर करावयाची असेल, तर बहुतेक तापमानांस चालणारी एकच वडी पुरे. मेणबत्तीवर निभावते, पण ते मेण लवकर झिजते.

घरी लागते ती जुनी, वाफेची छिद्रे नसलेली इस्त्री. ती पुन्हा कपड्यांकडे नेऊ नये. आमच्या एका पांढऱ्या सदऱ्याचे काय झाले ते न सांगितलेलेच बरे. तळ स्वच्छ पुसून कोरडा करावा, इस्त्रीला वडी टेकवून थेंब पाडावेत आणि इस्त्री सतत फिरवीत ते पसरावेत. एका जागी ती थांबली तर प्लास्टिकचा तळच जळतो. मेणाचा धूर निघाला की इस्त्री फार तापली असे समजावे. अर्ध्या तासाहून अधिक वेळ निवू द्यावे, मग प्लास्टिकच्या जाड पट्टीने टोकाकडून शेपटीकडे खरवडावे व नायलॉनच्या ब्रशने घासावे. सारे मेण खरवडले तर उरले काय, असे आम्हीही विचारले होते. उरते ते तळाच्या सूक्ष्म रंध्रांत, आणि काम करते तेवढेच. वरचा जाड थर वेग मारतो.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात. स्पर्धक पूर्वी फ्लोरिनयुक्त मेण वापरीत. ते अतिशय वेगवान, पण त्यातील द्रव्ये शरीरात व पाण्यात वर्षानुवर्षे साठून राहतात. मेण लावणाऱ्या कारागिरांच्या रक्तातही ती सापडली. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यास पूर्ण बंदी आहे. जुन्या सामानात अशी वडी स्वस्तात मिळाली, तरी घेऊ नये.

हंगाम संपला की जाड मेण लावून ते न खरवडता पट्ट्या ठेवून द्याव्यात. तळ सुकत नाही. कडांवरही थोडे ओघळू द्यावे, म्हणजे आमच्याकडच्या दमट पावसाळ्यात त्या गंजत नाहीत.