व्याजाच्या कर्जाने सुरू होणारा अंतराळ-व्यापार

हळद आणि बेदाण्याचे सौदे पाहत सांगलीत वाढलेल्या मुलाला व्यापाराचे पहिले सूत्र शिकवावे लागत नाही. माल जिथे मुबलक तिथे घ्यावा, जिथे टंचाई तिथे नेऊन विकावा. याच सूत्रावर उभा असलेला एक संगणकीय खेळ आहे, त्याचे नाव 'एंडलेस स्काय'. फरक एवढाच की त्यातील पेठा ताऱ्याताऱ्यांवर पसरलेल्या आहेत आणि ट्रकऐवजी अंतराळयान आहे. व्यापार-उद्योगाच्या पानावर खेळाची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण असे की हा खेळ घडविण्याच्या कामात सातारा-सांगलीचा कोणताही विद्यार्थी भांडवलाशिवाय व ओळखीशिवाय सहभागी होऊ शकतो, आणि अशा जागा आपल्या मुलांसाठी फारशा नाहीत.

मायकल झानिसर यांनी हा खेळ २०१५ साली लोकांपुढे आणला. १९९६ च्या 'एस्केप व्हेलॉसिटी' या जुन्या खेळाचा ठसा त्यावर स्पष्ट दिसतो. आज जगभरातील स्वयंसेवक तो चालवितात. खेळ मोफत आहे, परंतु मोफत असणे ही येथे दुय्यम गोष्ट होय. मुख्य गोष्ट म्हणजे त्याचा संपूर्ण मूळ संकेत, ज्याला संगणकवाले 'सोर्स कोड' म्हणतात, तो 'जीपीएल' परवान्याखाली खुला आहे. कोणीही तो वाचावा, बदलावा, इतरांना द्यावा. अट एकच, बदललेला खेळ दुसऱ्याला दिला तर त्याचा संकेतही त्याच परवान्याखाली खुला करावा. हॉटेलवाल्याने पदार्थाबरोबर पाककृतीही हातात द्यावी, तसा हा प्रकार आहे.

प्रथम खेळण्याविषयी. विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर खेळ चालतो, महागडा संगणक लागत नाही, आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटचीही गरज नाही. भाषा मात्र इंग्रजी आहे. नवा खेळाडू 'न्यू बोस्टन' या ग्रहावर उभा असतो व त्याला पहिले यान निवडायचे असते. 'शटल' प्रवाशांसाठी, 'स्टार बार्ज' मालासाठी, 'स्पॅरो' लढाईसाठी. आमचा सल्ला पहिल्या दोहोंपैकी एक घेण्याचा आहे; लढाऊ यान घेऊन निघालेला नवखा फार दिवस टिकत नाही. कळफलकावर 'एम' दाबल्यास नकाशा उघडतो, 'जे' ने पुढच्या ताऱ्याकडे उडी, 'एल' ने ग्रहावर उतरणे. नकाशावर धान्य, कापड, धातू, औषधे अशा जिनसांचे भाव दिसतात. ग्रहावरील कामांच्या फलकावर माल किंवा प्रवासी पोहोचविण्याची भाडी मिळतात, आणि सुरुवातीचे पोट याच भाड्यांवर भरते. इंधन पाहून उडी मारावी. वाटेत ते संपले तर येणाऱ्या-जाणाऱ्या यानाकडे मदत मागावी लागते.

आता आपल्या वाचकांना खटकेल अशी गोष्ट. हे पहिले यान कर्जातून घ्यावे लागते. खेळ ४,८०,००० 'क्रेडिट' हाती देतो, ३६५ दिवसांच्या मुदतीने, दररोज ०.४ टक्के व्याजाने. ऐकायला आकडा किरकोळ वाटतो. हिशेब मांडून पाहा. दिवसाचा हप्ता सुमारे २,५०० पडतो आणि पूर्ण मुदतीत परतफेड ९ लाखांच्या पुढे जाते. पहिल्या दिवशीच्या हप्त्यातील १,९२० हे निव्वळ व्याज. त्यातच ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंतच्या प्रत्येक उडीला एक दिवस जातो, म्हणजे लांबच्या पेठेतील नफ्यातून वाटेतले हप्तेही वजा करायला हवेत. नोकर ठेवले तर प्रत्येकाचा दिवसाचा १०० क्रेडिट पगार वेगळा. सूद म्हणजे काय हे ज्याला व्याख्यानातून उमगले नाही, त्याला हा खेळ आठवड्याभरात समजावून देईल. यान घेतल्यावर उरलेली रक्कम ताबडतोब बँकेच्या पडद्यावर जाऊन मुद्दलात भरून टाकणे, हा शहाणपणाचा मार्ग. खेळातल्या लटक्या व्याजाचा हुकूम काय, हे उलेमांना विचारावे; ते आमचे क्षेत्र नव्हे.

परंतु खुल्या संकेताची खरी किंमत येथेच कळते. बाजारातील बंद खेळ खटकला तर तो न खेळणे एवढेच हाती राहते. येथे खटकलेली गोष्ट बदलता येते. खेळाची सारी माहिती, म्हणजे याने, ग्रह, भाव, कामे, ही 'डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फायलींत आहे. नोटपॅडमध्ये ती उघडते. सुरुवातीच्या नोंदीत कर्जाचे मुद्दल, व्याज व मुदत ओळीने लिहिलेली सापडतात. मूळ फाईल न बिघडवता 'प्लग-इन' या स्वतंत्र फोल्डरमध्ये आपली वेगळी सुरुवात लिहावी. त्यात कर्जाच्या ओळी वगळून फक्त भांडवल ठेवले की बिनव्याजी व्यापारी तयार. मुदारबतच्या धर्तीवर भांडवल देणारा भागीदार आणि नफ्यात त्याचा वाटा, अशी गोष्टही 'मिशन' म्हणून रचता येईल. मूळ प्रकल्प ती स्वीकारीलच असे नाही, पण प्लग-इन तुमचाच राहतो आणि इतरांना देता येतो.

फाईल लिहिण्याची रीत सोपी आहे. मिशनचे नाव, खाली माल किंवा प्रवासी, कोठून, कोठे, आणि पूर्ण झाल्यावर किती मोबदला. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे टॅबने आत सरकवून दाखवितात. टॅब चुकला की मिशन बिघडते. नेमका हाच कंटाळवाणा भाग शिकण्याजोगा आहे.

मूळ खेळात भर घालायची तर 'गिटहब' या ठिकाणी मोफत खाते उघडावे, प्रकल्पाची आपली प्रत करावी, बदल करावा आणि तो स्वीकारण्याची विनंती पाठवावी. तिला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. पहिल्याच फटक्यात नवी आकाशगंगा पाठवू नये. एखाद्या संवादातील शुद्धलेखनाची चूक, चुकलेला आकडा, एवढ्यापासून आरंभ करावा. जाणकार स्वयंसेवक बदल तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या सुचवितात. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. सी-प्लस-प्लस येत असेल तर यंत्रणेचा संकेतही खुला आहे, मात्र तेथे घाईने जाऊ नये. चित्रे पाठविणाऱ्यांना बजावून सांगतो: इंटरनेटवरून उचललेले चित्र आपले म्हणून देऊ नका. परवाना ही अमानत आहे, आणि एका उचललेल्या चित्राने सगळ्या प्रकल्पाला त्रास होतो.

यातून पैसा मिळतो काय? सरळ उत्तर: नाही. मिळते ते नावानिशी कायम राहणारे काम. कोणत्या तारखेला कोणता बदल केला, कोणी तपासला, काय चर्चा झाली, हे कोणीही पाहू शकतो. पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या, मामा-काका कंपनीत नसलेल्या मुलाजवळ दाखवायला हे असणे, हजारो रुपये भरून आणलेल्या प्रमाणपत्रापेक्षा आम्हाला अधिक मोलाचे वाटते. मुलींना तर घरबसल्या करता येण्याजोगे हे काम आहे.

वाट दाखविणारे अगदीच दूर नाहीत. सांगलीत विश्रामबाग येथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात 'वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप' हा विद्यार्थ्यांचा गट खुल्या सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. साताऱ्याला तर शिकता शिकता हाताने काम करण्याची परंपराच आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही योजना येथेच रुजविली. या कामात कमाई नाही, शिकणे मात्र तसेच आहे.

पालकांनी एक पथ्य पाळावे. मुलगा नुसता खेळत बसला असेल तर वेळ ठरवून द्यावी. फाईल उघडून बसला असेल तर काय बदलले ते विचारावे व दाखवायला सांगावे. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने पहिला आठवडा खेळावे, दुसऱ्या आठवड्यात एक छोटे भाड्याचे काम लिहून आपल्याच संगणकावर चालवून पाहावे, आणि मगच गिटहबवरील नवागतांसाठीच्या सूचना वाचायला घ्याव्यात.