लाल भोपळा संक्रांतीपर्यंत टिकवायचाय? मग देठ सांभाळा!

पावसाळ्यात परड्यात, बांधावर किंवा गोठ्याच्या छपरावर चढवलेला भोपळ्याचा वेल दसऱ्याच्या आसपास सुकायला लागतो आणि पानाआड लपलेली फळं एकदम दिसू लागतात. एकेका वेलाला चार-पाच फळं असली की घरात प्रश्न पडतो, एवढ्यांचं करायचं काय? पितृपक्षात आणि नवरात्रात गिऱ्हाईक असतं. पण सगळ्यांची फळं एकाच वेळी बाजारात आली की भाव पडतो. मग मिळेल त्या दराने विकायचं, नाहीतर घरात कोपऱ्यात ठेवायचं आणि महिनाभरात खालून सडलेलं फळ उकिरड्यावर टाकायचं, असं अनेक घरांत होतं.

खरं तर लाल भोपळा हे टिकणारं फळ आहे. कुठे डांगर, कुठे गंगाफळ, तर विदर्भात कोहळं अशी त्याची नावं वेगळी, पण गुण एकच. पूर्ण पिकलेलं आणि नीट ठेवलेलं फळ फ्रीजशिवाय, खर्चाशिवाय 2 ते 4 महिने सहज राहतं. सडतं ते बहुतेक वेळा तोडताना आणि ठेवताना झालेल्या चुकांमुळे.

तोडायची घाई नको

कोवळा भोपळा भाजीला चालतो, पण साठवणीला चालत नाही. त्याची साल मऊ असते, आत पाणी जास्त असतं आणि तो पंधरा दिवसांतच मान टाकतो. साठवायचं फळ पिकलंय का, हे ओळखायच्या चार खुणा आहेत.

- सालीत नख रुतत नाही.
- देठ हिरवा आणि रसाळ न राहता सुकून कडक, खडबडीत झालेला असतो.
- सालीची चमक जाऊन रंग मंद होतो आणि फळ जमिनीला टेकलेल्या जागी पिवळसर डाग पडतो.
- बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज येतो.

तोडणी सकाळचं दव सुकल्यावर करावी. फळ पिरगळून ओढू नये. विळ्याने किंवा चाकूने कापावं आणि फळाला किमान चार बोटं देठ ठेवावा. देठ म्हणजे फळाचं बूच. तो मुळापासून निघाला की तिथे उघडी जखम राहते आणि बुरशी तिथूनच आत शिरते. देठ धरून फळ उचलायची सवयही वाईट. वजनाने देठ निखळतो. दोन्ही हातांनी खालून उचलायचं.

तोडतानाच फळं वेगळी करावीत. ज्याला ओरखडा, खोक किंवा फळमाशीने टोचल्याचा बारीक खड्डा आहे, ते साठवणीत घालू नये. ते आधी खाऊन टाकायचं.

आठ-दहा दिवस वारा लागू द्या

तोडलेला भोपळा लगेच अडगळीत टाकला की बिघडतो. आधी त्याला 8 ते 10 दिवस पडवीत किंवा छपराखाली, उबदार आणि वारा खेळता असेल अशा जागी ठेवावं. ऑक्टोबरची उष्णता इथे कामी येते. या दिवसांत साल टणक होते, बारीक ओरखडे सुकून भरतात आणि जादा पाणी निघून जातं. मात्र कडक उन्हात उघड्यावर ठेवू नये, साल भाजून तिथे डाग पडतो. परतीचा पाऊस आला तर फळं तातडीने आत घ्यावीत.

भोपळा धुवायचा नाही. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसायची. धुणं फक्त चिरायच्या वेळी.

ठेवायचं कुठे आणि कसं?

जुन्या घरांत आढ्याला शिंकं टांगून त्यात भोपळा ठेवत. त्यामागे चांगला हिशेब होता. सगळ्या बाजूंनी वारा लागतो, ओल पोचत नाही आणि उंदीर चढत नाही. आजही सुतळीची जाळी विणून ते करता येतं. शिंकं नसेल तर फळी, बाज किंवा माळा चालतो. खाली कोरडा पेंढा किंवा कडबा अंथरावा.

- थेट फरशीवर, सिमेंटच्या कोब्यावर किंवा सारवलेल्या ओल्या जमिनीवर ठेवू नका. खालून ओल लागते आणि सड तिथूनच सुरू होते.
- एकावर एक रचू नका. दोन फळांत चार बोटं अंतर ठेवा. एक सडलं की शेजारचं बिघडायला वेळ लागत नाही.
- पिकत घातलेली केळी, पेरू, सफरचंद यांच्याजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूमुळे भोपळा लवकर उतरतो.
- युरिया, कीटकनाशकाचे डबे, फवारणीचा पंप ज्या खोलीत आहे, तिथे खाण्याची कुठलीच वस्तू ठेवू नका. भोपळाही नाही.
- अख्खा भोपळा फ्रीजमध्ये ठेवू नका. 10 अंशांखालच्या थंडीत तो आतून खराब होतो.

सातारा जिल्ह्याचंच उदाहरण घेतलं, तर पाटण-जावळीकडच्या दमट हवेत आणि माण-खटावच्या कोरड्या हवेत भोपळा सारखाच टिकणार नाही. दमट भागात तो उंचावर, वाऱ्याला ठेवणं आणि वरचेवर बघणं जास्त गरजेचं आहे.

आठवड्याला एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, प्रत्येक फळ हातात घेऊन फिरवून पाहावं. देठाभोवती पांढरी-काळी बुरशी, मऊ पडलेली जागा किंवा पाणी सुटलेलं दिसलं तर ते फळ लगेच बाजूला काढायचं. डाग लहान असेल, बाकीचा गर घट्ट असेल आणि वास स्वच्छ असेल, तर डागाच्या कडेचा भरपूर भाग काढून उरलेलं त्याच दिवशी शिजवावं. आंबूस वास, चिकटपणा किंवा आत बुरशी असेल तर पूर्ण फळ टाकून द्यायचं. बुरशी लागलेला भोपळा गुरांनाही घालू नये. चांगला भोपळा गुरांना घालायचा तर बारीक चिरूनच, मोठी फोड घशात अडकते.

फोडला की दिवस मोजायला लागा

अख्खा भोपळा महिने काढतो, फोडलेला दिवस काढतो. गरात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून चिरलेल्या फोडीला बुरशी लवकर धरते. फ्रीज असेल तर बिया आणि मधला रेषाळ बलक काढून, फोड झाकून ठेवली की 3-4 दिवस राहते. फ्रीज नसेल तर एक-दोन वेळच्या स्वयंपाकात संपवावी. फोडलेल्या भोपळ्याची फोड शेजारी-पाजारी द्यायची पद्धत गावात होती, ती याच अडचणीवरचा उपाय होती. आज तुमचा, पुढच्या आठवड्यात त्यांचा.

लहान कुटुंबाने बी लावतानाच विचार करावा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का चंदन’ या वाणाचं फळ 2 ते 3 किलोचं, तर दिल्लीच्या पुसा संस्थेच्या ‘पुसा विश्वास’चं साधारण 5 किलोचं असतं. चार माणसांच्या घराला लहान फळ परवडतं.

जास्त फोडला गेलाच तर सुकवता येतो. पातळ चकत्या उकळत्या पाण्यात 2-3 मिनिटं घालून निथळायच्या, मग पातळ कापडाखाली कडक उन्हात वाळवायच्या. वाकवल्यावर मोडली की चकती तयार. हवाबंद डब्यात भरून ठेवली की भाजी-आमटीत घालता येते.

आधी चव, मग फोडणी

भोपळा चिरल्यावर गराचा बारीक तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि पूर्ण भोपळा फेकून द्या. भोपळा, दुधी, दोडका, काकडी या वर्गातल्या कडू फळांत ‘कुकुरबिटासिन’ नावाचं द्रव्य वाढलेलं असतं. त्याने जोराच्या उलट्या, जुलाब, पोटात कळा येतात. शिजवून किंवा गूळ घालून हे विष जात नाही. कडू दुधीचा रस पिऊ नये, असा इशारा आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही दिला होता. चुकून खाल्लं गेलं आणि त्रास सुरू झाला, तर घरगुती उपाय करत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.

साल ते बी, काहीच वाया नाही

*भाजी :* चार माणसांना अर्धा किलो फोडी सालीसकट घ्याव्यात. तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग आणि सुकी मिरची टाकून फोडी परताव्यात. ताटात पाणी ठेवून झाकण घालावं, आत पाणी घालायची गरज पडत नाही. 10-12 मिनिटांनी मीठ, गुळाचा खडा आणि दाण्याचं कूट घालावं. भोपळ्याला केशरी रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनपासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होतं. ते अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं, म्हणून फोडणी नुसती चवीपुरती नाही.

*घारगे :* 2 वाट्या कीस, 1 वाटी चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप एकत्र शिजवून गार करावं. त्यात मावेल तेवढी कणीक, 2 चमचे तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून घट्ट मळावं. पाणी अजिबात नको. गुळामुळे पीठ ठेवल्यावर सैल होतं, म्हणून लगेच थापून मध्यम आचेवर तळावेत. दोन-तीन दिवस टिकतात, शाळेच्या डब्याला आणि प्रवासाला चालतात. विदर्भात याच भोपळ्याचे गोड बोंडे करतात. मधुमेह असलेल्यांनी मात्र घारग्यांऐवजी भाजी किंवा भरीत खावं.

*भरीत :* वाफवलेल्या फोडी कुस्करून दही, मीठ, कोथिंबीर घालायची आणि वरून हिरव्या मिरचीची फोडणी द्यायची. दात नसलेल्या आजी-आजोबांनाही सहज जातं.

*सालीची चटणी :* जाड साल काढली असेल तर ती बारीक चिरून तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतावी. तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट आणि मीठ घातलं की भाकरीबरोबर तोंडी लावायला झालं.

*बिया :* धुऊन, वाळवून, तव्यावर मंद भाजाव्यात. सोलून आतला गर खायचा.

कोहळा आणि रताळी

याच दिवसांत पांढरा कोहळाही घरात येतो. त्याच्या सालीवर राखेसारखा पांढरा थर असतो. तो मेणासारखा असून फळाचं रक्षण करतो, त्यामुळे तो पुसू नये. रताळी काढल्यावर धुऊ नयेत. माती झटकून, सावलीत काही दिवस वारा देऊन टोपलीत ठेवावीत. कुदळ लागलेली रताळी आधी उकडून संपवावीत. रताळ्यालाही फ्रीजची थंडी मानवत नाही.

बी कोणत्या फळाचं धरायचं?

बहुतेक घरांत पहिल्या किंवा सगळ्यात मोठ्या भोपळ्याचं बी धरलं जातं. साठवणीसाठी लावायचं असेल तर उलटं करावं. सगळ्यात शेवटपर्यंत टिकलेलं, चवीला गोड निघालेलं फळ निवडावं आणि त्याच्या बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात. कडू फळाचं बी कधीच धरू नये. विकतचं संकरित बी असेल तर पुढच्या वर्षी तसंच फळ येईल याची खात्री नसते. गावरान वाणात मात्र दरवर्षी अशी निवड करत गेलं की टिकाऊपणा वाढत जातो. संक्रांतीनंतर फोडलेल्या भोपळ्याच्या वीस-पंचवीस बिया कागदात बांधून, वर तारीख लिहून ठेवल्या, की पुढच्या पावसाळ्याची तयारी झाली.