हिरवळ उलटी करून पाहावी

पौड ओलांडून मुळशीच्या रस्त्याला लागले की कुंपणांमागून हिरवळी डोकावू लागतात. शनिवार-रविवारपुरते घर बांधून झाले, की पुढची हौस लॉनचीच. आमचीही तीच होती. मेअखेरीस कंत्राटदाराने गवताच्या लाद्या आणल्या आणि संध्याकाळपर्यंत अंगण हिरवेगार केले. आम्ही त्यावर बसून चहा घेतला आणि राहिलेले पैसेही तेव्हाच चुकते केले. ती पहिली चूक.

ऑगस्टमध्ये अंगणात पिवळे चट्टे पडले. ‘साहेब, पाणी जास्त झालं,’ कंत्राटदार म्हणाला. मुळशीत श्रावणात पाणी जास्त झाले, ही काय बातमी झाली? आवाज चढले. अखेर शेजारच्या शेतातले अण्णा आले, उकिडवे बसले आणि चट्ट्याच्या कडेची लादी त्यांनी हाताने उचलली. पायपुसण्यासारखी ती अलगद निघून आली. मुळे तिच्याच मातीत गुरफटलेली. खालच्या जमिनीत एकही शिरले नव्हते.

‘हिची माती काळी, तुमची तांबडी, मुरमाड. त्यात बांधकामाच्या ट्रकांनी दाबलेली. मुळं जायची कुठं?’ अण्णांनी दोघांच्याही पदरात माप घातले. काळी माती पाणी धरून ठेवते, खालचा दाबलेला मुरूम ते जिरू देत नाही, आणि उतार काढलेला नसला तर मुळे मधल्यामध्ये कुजतात. आधी जमीन वीतभर खणून त्यात शेणखत मिसळायला हवे होते. ते काम ज्या अंदाजपत्रकात होते, ते आम्हीच महाग म्हणून बाजूला ठेवले होते!

आपण लॉनचा वरचा रंग पाहतो. पाहायची असते खालची बाजू. मुळे पांढरी आणि दाट हवीत. लादी एका टोकाला धरून उचलली तर तुटू नये. ढिगाच्या मधोमध हात घालावा. गरम लागले, कुबट वास आला, तर माल काढून बराच वेळ झाला आहे. मातीत लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर लादी घेऊच नये. उपटणारा दमतो, लव्हाळा दमत नाही. पांढरी, वाकडी हुमणी तर ऊसवाल्यांना सांगायलाच नको. लावल्यावर तीनेक आठवड्यांनी कोपरा हलकेच ओढून पाहावा. उचलला गेला नाही, तर गवत रुजले. शेवटचा हप्ता त्यानंतर.

भांडण ग्राहक आयोगात नेता आले असते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती पुण्यातच. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि वकील लागतोच असे नाही. पण दाखवायला कागद हवा. आमच्याकडे होती एक पावती, तिच्यावर फक्त ‘लॉन कामाचे’. गवताची जात नाही, मातीचा उल्लेख नाही, हमी नाही.

शिवाय कंत्राटदार याच तालुक्यातला. पौडच्या बाजारात दर आठवड्याला गाठ पडणार. शेवटी अण्णांच्या ओट्यावर ठरले: लाद्या त्याच्या, खणाई आणि पाण्याचा चर आमचा. या वेळी दोन्हीकडच्या सह्या झाल्या.

पाऊस ओसरल्यावर टेम्पो आला. मी सहा लाद्या उलट्या केल्या. दोनांत लव्हाळा निघाला. त्याने काही न बोलता त्या परत टेम्पोत टाकल्या आणि उरलेल्या स्वतःच उलटून पाहू लागला.